मिररलेस कॅमेऱ्यासाठी मॅन्युअल फोकस लेन्सचा संच कसा जमवावा

मॅन्युअल फोकस लेन्स बहुतेकांकडे एकेक करून जमत जातात. आधी कुठेतरी एक ५० मिमी मिळते, ती आवडते. मग कुणीतरी हेलिओस या जुन्या सोव्हिएत लेन्सबद्दल सांगतं, मग एखादी १३५ मिमी हाती लागते. बघता बघता कपाटात चार वेगवेगळ्या माउंटच्या (कॅमेऱ्याला बसवायच्या जोडाच्या) लेन्स आणि तितकेच अ‍ॅडॉप्टर होतात. प्रत्येक लेन्स आपापल्या परीने चांगलीच असते. पण बॅग भरायला घेतली की यातल्या कुठल्या तीन न्यायच्या ते ठरत नाही, आणि दर वेळी लेन्स बदलली की रिंग कुठल्या बाजूला फिरवायची हे नव्याने आठवावं लागतं.

माझं मत असं की, मॅन्युअल लेन्सचा संच हाताच्या सवयीसाठी निवडावा. ऑटोफोकसमध्ये मोटर जे काम करते ते इथे आपली बोटं करतात, आणि बोटं शिकतात ती एकसारखेपणातून. म्हणून शक्यतो एकाच घराण्यातल्या, म्हणजे एकाच माउंटच्या आणि मालिकेतल्या, दोन किंवा तीन लेन्स, एकच चांगला अ‍ॅडॉप्टर आणि एकच फिल्टरचा आकार. कोपऱ्यातली शार्पनेस, बोके (मागचा धूसरपणा), काचेवरचं कोटिंग वगैरे चर्चा त्यानंतरची.

मिररलेसवरच हे का जमतं

लेन्सच्या माउंटपासून सेन्सरपर्यंत जे ठरावीक अंतर असतं त्याला फ्लँज डिस्टन्स म्हणतात. एसएलआर कॅमेऱ्यात मधे आरसा असल्यामुळे हे अंतर मोठं ठेवावं लागायचं: निकॉन एफ माउंटला ४६.५ मिमी, ऑलिंपस ओएमला ४६, एम४२ स्क्रू माउंटला ४५.४६, मिनोल्टाला ४३.५, कॅनन एफडीला ४२. मिररलेसमध्ये आरसाच नाही, त्यामुळे सोनी ई माउंटचं अंतर १८ मिमी, निकॉन झेडचं १६, कॅनन आरएफ आणि एल माउंटचं २०, फुजी एक्सचं १७.७ आणि मायक्रो फोर थर्ड्सचं १९.२५ मिमी एवढंच आहे. मधला फरक भरून काढायला धातूची पोकळ नळी पुरते. निकॉन एफ लेन्स सोनीवर लावायची तर ४६.५ वजा १८, म्हणजे २८.५ मिमी लांबीचा अ‍ॅडॉप्टर. त्यात काच नाही, म्हणून चित्राच्या दर्जाला धक्का नाही.

कॅनन एफडी लेन्सची कहाणी यातूनच कळते. कॅननने १९८७ मध्ये ईएफ माउंट आणला, त्याचं अंतर ४४ मिमी. एफडीचं ४२. लेन्स सेन्सरपासून जितकी जवळ असायला हवी तितकी ती बसूच शकत नव्हती, म्हणून कॅननच्याच डीएसएलआरवर कॅननच्याच या लेन्सना काचेच्या अ‍ॅडॉप्टरशिवाय अनंतावर (खूप दूरच्या वस्तूंवर) फोकस मिळत नव्हता. मिररलेस आल्यावर त्या पुन्हा कामाला लागल्या.

पायरी पहिली: फोकल लेंथ ठरवा

लेन्सची नावं बघण्याआधी स्वतःचे जुने फोटो बघा. झूम लेन्सने काढलेल्या फोटोंची माहिती कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये फोकल लेंथनुसार (लेन्सचा मिमीमधला आकडा: लहान असला की रुंद दृश्य, मोठा असला की जवळचं) लावता येते. त्यातले आवडलेले फोटो वेगळे काढा आणि ते कुठे गोळा होतात ते पाहा. बहुतेकांचे फोटो दोन ठिकाणी दाटीने सापडतात, एक रुंद बाजूला आणि एक टेली बाजूला. तिथेच आपल्या लेन्स आहेत. शंका असेल तर झूम एका आकड्यावर ठेवून, त्याला हात न लावता काही दिवस फोटो काढा. ज्या आकड्यावर कुचंबणा होते तो आपला नव्हे.

त्यानंतर सेन्सरचा हिशेब. फुल फ्रेमवर (जुन्या फिल्मच्या चौकटीएवढ्या सेन्सरवर) जुनी लेन्स मुळात जशी होती तशीच दिसते. त्याहून लहान एपीएस-सी सेन्सरवर दृश्य १.५ पटीने आवळतं (कॅननच्या एपीएस-सीवर १.६ पट), मायक्रो फोर थर्ड्सवर दुपटीने. म्हणजे ५० मिमी लेन्स एपीएस-सीवर ७५ मिमीसारखी पोर्ट्रेट लेन्स होते, आणि मायक्रो फोर थर्ड्सवर १००सारखी.

फुल फ्रेमवाल्यांनी २८, ५० आणि १००-१०५ मिमी या त्रिकुटापासून सुरुवात करावी. २८ ऐवजी ३५ हवी असेल तर मग मधली ५० सोडून देता येते आणि ३५ आणि ८५ अशा दोनच लेन्समध्ये काम भागतं. मला स्वतःला तीनचा संच पटतो, कारण ५० मिमी लेन्स प्रत्येक घराण्यात छोटी, उजळ आणि सहज मिळणारी असते, आणि तिच्यावर हात बसवणं सर्वांत सोपं जातं.

एपीएस-सीवर खरी अडचण रुंद बाजूला येते. जुनी २४ मिमी इथे ३६सारखी वागते, आणि २० मिमीच्या खालच्या जुन्या लेन्स मोठ्या, दुर्मीळ आणि सहसा मंद (कमी उजेड घेणाऱ्या) असतात. तिथे जुन्याचा हट्ट सोडावा. छोट्या सेन्सरसाठीच बनवलेली सॅमयांग १२ मिमी एफ/२ किंवा मायक्रो फोर थर्ड्ससाठी लाओवाची ७.५ मिमी एफ/२, अशी एखादी नवी मॅन्युअल लेन्स घ्या आणि बाकी दोन जुन्या ठेवा.

आणि एक गोष्ट आधीच सांगतो. पळणारी लहान मुलं, खेळ, उडते पक्षी हे तुमचं मुख्य काम असेल तर त्यासाठी एक ऑटोफोकस लेन्स राहू द्या. मॅन्युअल फोकसने तेही जमतं, पण त्याला जो सराव लागतो तो प्रत्येकाला परवडेलच असं नाही.

पायरी दुसरी: जुन्या की नव्या

नव्या मॅन्युअल लेन्समध्ये दोन तट आहेत. एका बाजूला कोसिना कंपनी बनवते त्या फोग्टलेंडर आणि झाइसच्या लोक्सिया. यांच्या सोनी ई माउंट आवृत्त्यांमध्ये इलेक्ट्रॉनिक संपर्क असतात, त्यामुळे रिंग फिरवली की व्ह्यूफाइंडरमधलं दृश्य आपोआप मोठं होतं, अ‍ॅपर्चर (लेन्समधलं उजेडाचं छिद्र, एफ/२ सारख्या आकड्याने मोजलेलं) फोटोच्या माहितीत नोंदलं जातं आणि कॅमेऱ्याचं स्टॅबिलायझेशन (हात हलल्याची भरपाई) न सांगता बरोबर चालतं. फोग्टलेंडरची ५० मिमी एफ/२ अपो-लँथर तर पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरलाच इतकी स्वच्छ आहे की तिच्यापुढे कुठलीही जुनी ५० मिमी टिकत नाही. दुसऱ्या बाजूला टीटीआर्टिसन, सेव्हनआर्टिसन्ससारख्या कंपन्यांच्या साध्या लेन्स. त्यातल्या बहुतेक लेन्सना संपर्क नसतात, पण त्या थेट तुमच्या माउंटमध्ये मिळतात, म्हणून अ‍ॅडॉप्टरची भानगड नाही.

जुन्या लेन्सचा खरा फायदा फोकस रिंगमध्ये आहे. त्या काळात हाताने फोकस करणं हाच एकमेव मार्ग होता, त्यामुळे धातूचं हेलिकॉइड (फोकस सरकवणारं आट्यांचं नळकांडं), भरपूर फिरणारी रिंग, कोरलेले अंतराचे आकडे आणि डेप्थ ऑफ फील्डच्या (कुठपासून कुठपर्यंत तीक्ष्ण दिसेल त्याच्या) खुणा हे सगळं साध्यातल्या साध्या लेन्सवरही असायचं. तोटा कोटिंगचा. सूर्य फ्रेमच्या जवळ आला की कॉन्ट्रास्ट धुऊन निघतो. पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरला चमकत्या कडांवर जांभळी किनार दिसते. पहिल्यावर हूड (लेन्सच्या पुढे लावायचं सावलीचं कडं) हाच उपाय, आणि तो मी ऐच्छिक मानत नाही. एपीएस-सीवर तर पुढच्या, म्हणजे जास्त, फोकल लेंथसाठी बनवलेला, थोडा लांब हूड लावता येतो, कारण कडेचा भाग तसाही वापरात येत नाही.

पायरी तिसरी: घराणं निवडा

इथे घाई करू नका, संच जमणार की विस्कटणार ते याच पायरीवर ठरतं.

निकॉनच्या आणि कॅननच्या लेन्सची फोकस रिंग एकमेकींच्या उलट दिशेला फिरते. एकीवर अनंताकडे जायला ज्या बाजूला वळवायची, दुसरीवर तीच दिशा जवळ आणते. शांतपणे टेबलावरच्या वस्तूचा फोटो काढताना हे जाणवतही नाही. पण समोरचा माणूस दोन पावलं पुढे आला आणि बोटांनी चुकीच्या दिशेला ओढ घेतली, की तो क्षण गेला. अ‍ॅपर्चर रिंगचंही तसंच. निकॉनमध्ये ती माउंटजवळ असते, ऑलिंपस ओएमच्या बहुतेक लेन्सवर पुढच्या टोकाला. दोन्ही जागा चांगल्या आहेत, पण बॅगेत दोन्ही असल्या की डोळा व्ह्यूफाइंडरमधून काढून खाली बघावंच लागतं.

निकॉन एफ माउंट १९५९ चा. १९७७ पासून आलेल्या एआय आणि नंतरच्या एआय-एस लेन्स घ्याव्यात. २८ मिमी एफ/२.८ एआय-एस, ५० मिमी एफ/१.८ आणि १०५ मिमी एफ/२.५ हा मला जमून आलेला संच वाटतो. तिघींना ५२ मिमीचाच फिल्टर लागतो. २८ मिमीची ही आवृत्ती २० सेंटीमीटरपर्यंत जवळ जाते, हे तिचं मोठं बळ. १०५ एफ/२.५ ची रचना १९७१ मध्ये बदलली, आणि पोर्ट्रेटसाठी तिचं नाव तेव्हापासून पक्कं आहे. स्टीव्ह मॅककरी यांनी १९८४ मध्ये काढलेला, नॅशनल जिओग्राफिकच्या मुखपृष्ठावरचा हिरव्या डोळ्यांच्या अफगाण मुलीचा फोटो याच १०५ मिमीने काढलेला आहे.

ऑलिंपस ओएम घराणं १९७२ चं, योशिहिसा मैतानी यांच्या हाताखाली घडलेलं. कॅमेरा आणि लेन्स दोन्ही लहान करायचे हा त्यांचा ध्यास होता. २८ एफ/२.८, ५० एफ/१.८ आणि १०० एफ/२.८, तिन्हींचा फिल्टर ४९ मिमी. जुन्या एसएलआर लेन्सवर अ‍ॅडॉप्टर चढला की त्या लांबुळक्या होतातच, म्हणून मूळ लेन्स लहान असणं मिररलेसवर फार उपयोगी पडतं. रोज खांद्यावर संच वागवणाऱ्याला मी हेच घराणं सुचवेन.

कॅनन एफडी माउंट १९७१ चा. १९७९ पासूनच्या लेन्सना न्यू एफडी म्हणतात. २८ एफ/२.८, ५० एफ/१.४ आणि १०० एफ/२.८, सगळीकडे ५२ मिमी फिल्टर. या लेन्स हलक्या आणि आजच्या मानानेही चांगल्या आहेत. त्यांचा अ‍ॅडॉप्टर मात्र जरा गुंतागुंतीचा असतो, कारण लेन्सच्या मागच्या तरफा योग्य जागी ढकलल्याशिवाय अ‍ॅपर्चर हलत नाही.

पेंटॅक्सच्या एम४२ टाकुमार लेन्सच्या फोकस रिंगची मऊ, एकसंध फिरकी हातात घेतल्यावरच कळते. ५५ एफ/१.८, ३५ एफ/३.५, १३५ एफ/३.५ या छोट्या आणि ४९ मिमी फिल्टरच्या. ५० मिमी एफ/१.४ च्या सात भिंगांच्या आवृत्तीत थोरियम असलेली काच आहे. तिचा किरणोत्सर्ग सौम्य असतो, पण वर्षानुवर्षांनी ही काच पिवळी पडते. काही आठवडे अतिनील दिव्याखाली किंवा उन्हात ठेवली की पिवळेपणा बराच उतरतो. उन्हात ठेवताना सूर्याची तिरीप लेन्समधून जाऊन मागे कशावर एकवटणार नाही एवढं बघा, नाहीतर आग लागू शकते. एम४२ चा एक तोटा म्हणजे स्क्रू. लेन्स बदलायला वेळ लागतो.

मिनोल्टाच्या एमडी लेन्सही याच तोलाच्या आहेत. जवळपास ५० एफ/१.७ चांगल्या अवस्थेत मिळत असेल तर तिथूनच घराणं सुरू करायला काहीच हरकत नाही.

लायका एम माउंटच्या लेन्सबद्दल एक सावधगिरी. त्यांचं फ्लँज डिस्टन्स २७.८ मिमी, त्यामुळे अ‍ॅडॉप्टर बारीक आणि संच खिशात मावेल इतका छोटा होतो. पण रेंजफाइंडर (वेगळ्या खिडकीतून बघून फोकस करायच्या) कॅमेऱ्यांसाठी केलेल्या रुंद लेन्सचं मागचं भिंग सेन्सरच्या फार जवळ येतं आणि कडेचे किरण फार तिरके पडतात. सेन्सरवरची संरक्षक काच जाड असली की कोपरे पुसल्यासारखे होतात, कधी रंगही बदलतो. सोनीवर हे जास्त दिसतं, निकॉन झेडवर कमी. ५० मिमी आणि पुढच्या लेन्सना सहसा त्रास नाही. आणि नळी आत ढकलून छोटी होणाऱ्या जुन्या लेन्स अ‍ॅडॉप्टरवर लावल्यावर कधीही आत ढकलू नका, मागचं टोक शटरवर आदळू शकतं.

पायरी चौथी: अ‍ॅडॉप्टर

लेन्स निवडताना महिनाभर वाचणारे लोक अ‍ॅडॉप्टर मात्र पहिला दिसेल तो घेतात. एकच घराणं असलं की एकच अ‍ॅडॉप्टर लागतो, म्हणून तो चांगला घेता येतो. एकच घराणं निवडण्याचा हा आणखी एक फायदा.

साधे अ‍ॅडॉप्टर मुद्दाम किंचित आखूड बनवतात. लांब झाला तर अनंतावर फोकसच येणार नाही आणि ग्राहक परत आणेल. आखूड झाला तर रिंग अनंताच्या थोडी अलीकडे असतानाच अनंत सापडतो, आणि बहुतेकांच्या ते लक्षातही येत नाही. पण परिणाम लहान नाही. अ‍ॅडॉप्टर फक्त ०.१ मिमी आखूड असला तरी २८ मिमी लेन्सवर रिंग ८ मीटरच्या आसपास असतानाच अनंत येतो. ०.२ मिमी आखूड असला तर ४ मीटरला. म्हणजे लेन्सवर कोरलेले अंतराचे आकडे निरुपयोगी झाले, आणि अंदाजाने फोकस ठेवण्याची सोय गेली. ५० मिमीवर तीच ०.१ मिमीची चूक २५ मीटरला दिसते, म्हणून दोष पकडायचा तर रुंद लेन्सनेच तपासा.

शिवाय काही रुंद लेन्समध्ये फोकस करताना आतल्या भिंगांच्या गटांमधलं अंतरही बदलतं. जवळच्या फोटोत कोपरे सुधारावेत म्हणून केलेली ही योजना. निकॉनने १९६७ मध्ये २४ मिमी एफ/२.८ मध्ये ती आणली, वर सांगितलेल्या २८ मिमी एआय-एसमध्येही ती आहे. आखूड अ‍ॅडॉप्टरवर अशी लेन्स दूरच्या डोंगराचा फोटो काढताना भिंगं जवळच्या अंतरासाठी मांडून बसते, आणि दोष दिला जातो लेन्सला.

तपासायची रीत सोपी आहे. कॅमेरा स्टँडवर ठेवा, शक्य तितकी लांबची स्पष्ट वस्तू घ्या, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडा, दृश्य मोठं करा आणि सर्वांत तीक्ष्ण जागा शोधा. मग रिंग बघा. अनंताच्या खुणेवर किंवा केसभर अलीकडे असेल तर अ‍ॅडॉप्टर उत्तम. बरीच अलीकडे असेल तर बहुतेक अ‍ॅडॉप्टर दोन भाग स्क्रूने जोडून बनवलेले असतात, त्यांच्यामध्ये पातळ पत्र्याची किंवा प्लास्टिकच्या फिल्मची चकती घालून लांबी वाढवता येते.

बाकी दोन गोष्टी. लेन्स बसवून हलकेच पिळून पाहा, खडखडाट नको. आणि आतली भिंत चमकदार असेल तर उजेड परावर्तित होऊन कॉन्ट्रास्ट मारतो, तिथे मॅट काळा रंग किंवा काळा फ्लॉक (मखमली) कागद लावावा.

एपीएस-सी आणि मायक्रो फोर थर्ड्ससाठी स्पीड बूस्टर प्रकारचे, काचेचे अ‍ॅडॉप्टरही मिळतात. ०.७१ पटीचा बूस्टर ५० मिमीला सुमारे ३५ मिमी करतो आणि एक स्टॉप (दुपटीने) उजेड वाढवतो, त्यामुळे एपीएस-सीवर जुन्या लेन्सचं मूळ दृश्य जवळपास परत मिळतं. मात्र चांगला बूस्टर घेणार नसाल तर घेऊच नका, कारण त्याची काच सगळ्या लेन्सच्या मागे बसणार आहे.

पायरी पाचवी: वापरलेली लेन्स तपासणं

छोटा टॉर्च जवळ ठेवा. दोन्ही झाकणं काढा, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडा आणि टॉर्च मागून, थोडा तिरका धरून पुढून बघा. सरळ समोरून धरलात तर कुठलीही जुनी लेन्स धुळीने भरलेली दिसते. धुळीचे कण, बारीक बुडबुडे, पुढच्या भिंगावरचा एखादा ओरखडा यांनी फोटोत फरक पडत नाही. मागच्या भिंगावरचा ओरखडा मात्र गंभीर समजा.

फंगस (बुरशी) बारीक, फाटे फुटलेल्या धाग्यांसारखा दिसतो, बहुतेक वेळा भिंगाच्या कडेपासून आत पसरलेला. कडेला नुकताच लागलेला साफ होऊ शकतो, पण त्याने कोटिंग खाल्लं असेल तर ती खूण जात नाही. मला विचाराल तर फंगसवाली लेन्स घेऊच नये, इतर लेन्सच्या बॅगेत तर नकोच. धुरकटपणा वेगळा. टॉर्च लावल्यावर एखादं भिंग सगळीकडून सारखं दुधी दिसलं तर समजायचं, तो धुरकटपणा आहे. हा दोष डोळ्याला किरकोळ वाटतो आणि फोटोत कॉन्ट्रास्ट पार घालवतो. दोन चिकटवलेली भिंगं सुटू लागली असतील तर कडेला इंद्रधनुषी रंगाचे डाग किंवा बुडबुडे दिसतात. तीही परत करावी.

आता अ‍ॅपर्चरची पाती. अ‍ॅपर्चर रिंग सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न्या. पात्यांवर तेलाचा चमकदार ओलसर पट्टा दिसला तरी आपण हाताने बंद करणार असल्यामुळे ते एकवेळ चालतं, पण तेच तेल पुढे उडून काचेवर धुरकटपणा होऊन बसतं. एफडी लेन्स कॅमेऱ्यावर नसताना रिंग फिरवली तरी पाती हलत नाहीत, तो बिघाड नव्हे, अ‍ॅडॉप्टरवर लावून बघा. एम४२ च्या बऱ्याच लेन्सवर ए आणि एम असं बटण असतं, एमवर ठेवा किंवा मागची पिन दाबून बघा.

शेवटी फोकस रिंग. पूर्ण अनंतापासून सर्वांत जवळच्या अंतरापर्यंत एका बोटाने फिरवा. सगळीकडे सारखा दाब लागला पाहिजे. मधेच घट्ट, मधेच सैल लागत असेल तर आतलं ग्रीस वाळलंय किंवा कुणीतरी लेन्स उघडून नीट जोडलेली नाही. स्क्रूच्या खाचा उकरलेल्या दिसल्या की दुसरी शक्यता पक्की. जरा जड रिंग चालते, वापराने थोडी सुटते. पण दिशा बदलताना जिथे रिंग आधी रिकामी हलते आणि मग फोकस सरकतो, ती लेन्स मी घेत नाही. जवळच्या फोटोत तो रिकामा झोल फार त्रास देतो.

कॅमेऱ्यातली सेटिंग

संपर्क नसलेली लेन्स लावली की बऱ्याच कॅमेऱ्यांना वाटतं लेन्सच नाही, आणि शटर दबत नाही. मेनूमध्ये "रिलीज विदाउट लेन्स" या अर्थाची सेटिंग चालू करा. बॉडीत स्टॅबिलायझेशन असेल तर फोकल लेंथ हाताने भरावी लागते. निकॉनमध्ये ती नॉन-सीपीयू लेन्स डेटामध्ये, फुजीमध्ये माउंट अ‍ॅडॉप्टर सेटिंगमध्ये सापडते. इथे लेन्सवर लिहिलेला खरा आकडा भरायचा, क्रॉपचा गुणाकार करायचा नाही. चुकीचा आकडा राहिला तर स्टॅबिलायझेशन फोटो हलवतं, म्हणून ही सेटिंग माय मेनूत अगदी वर ठेवा.

अ‍ॅपर्चर प्रायॉरिटी (अ‍ॅपर्चर आपण ठरवायचं, शटर कॅमेरा ठरवतो) आणि ऑटो आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता कॅमेरा ठरवतो) हे जुन्या लेन्सचं स्वाभाविक जोडपं आहे. कॅमेरा अ‍ॅपर्चरच्या जागी शून्य किंवा रेघा दाखवेल, ते ठीक आहे. किमान शटर स्पीड मात्र स्वतः ठरवा, कारण संपर्क नसलेल्या लेन्सची फोकल लेंथ कॅमेऱ्याला आपोआप कळत नाही.

फोकस कसा करायचा

फोकस पीकिंगवर पूर्ण भरवसा ठेवू नका. ते कॉन्ट्रास्ट असलेल्या कडा रंगवतं, आणि उजळ लेन्सवर फोकसच्या थोड्या पुढच्या-मागच्या कडाही रंगून निघतात. तीव्रता सर्वांत कमी ठेवा, रंग लाल. फोकस साधारण कुठे आहे एवढं सांगायला ते चांगलं. खरा निर्णय दृश्य मोठं करूनच घ्यायचा, आणि त्यासाठी मॅग्निफायचं बटण अंगठ्याखाली किंवा शटरशेजारी आणून ठेवा. संच जमवताना केलेलं हे सर्वांत मोलाचं काम ठरेल.

१०५ मिमी एफ/२.५ वर, दोन मीटरवरच्या चेहऱ्याचं उदाहरण घेऊ. फुल फ्रेमवर तीक्ष्ण दिसणारा पट्टा सुमारे पाच सेंटीमीटर खोल असतो, आणि मोठ्या पडद्यावर बघितलं तर त्याहून पातळ. श्वास घेताना तुम्ही आणि समोरचा दोघंही थोडे पुढेमागे होता. म्हणून आधी चौकट पक्की करा. मॅग्निफायचा चौकोन जवळच्या डोळ्यावर आणा. रिंग फिरवत पापण्या तीक्ष्ण होऊन पुन्हा मऊ होईपर्यंत थोडं पुढे जा, मग मागे या. शिखर ओलांडल्याशिवाय शिखर कुठे होतं ते कळत नाही. मॅग्निफाय बंद करा, भाव बघा, आणि तीन फोटोंची छोटी मालिका घ्या. रिंग पुन्हा न छेडता अंग किंचित पुढे झुकवत घेतलेल्या या तीन फोटोंत एक तरी डोळा नेमका सापडतो.

अ‍ॅपर्चर उघडून फोकस करायचा आणि मग बंद करायचा, की वापरायच्या अ‍ॅपर्चरलाच फोकस करायचा? एफ/५.६ च्या पुढे काम असेल तर उघडून करा, कारण बंद अ‍ॅपर्चरला सगळंच बऱ्यापैकी तीक्ष्ण दिसतं आणि नेमकी जागा कळत नाही. पण काही जुन्या उजळ लेन्स अ‍ॅपर्चर बंद करताना फोकस किंचित सरकवतात. एफ/२ ते एफ/४ च्या दरम्यान जवळचा फोटो काढताना वापरायच्या अ‍ॅपर्चरलाच फोकस करा. मिररलेसचा व्ह्यूफाइंडर उजेड स्वतःच वाढवून दाखवतो, त्यामुळे ते सहज जमतं.

रस्त्यावर, गर्दीत, प्रवासात २८ मिमीवर फोकस करत बसूच नये. फुल फ्रेमवर एफ/८ आणि ३.३ मीटर एवढं लावलं की साधारण १.६ मीटरपासून अनंतापर्यंत सगळं पुरेसं तीक्ष्ण येतं. एपीएस-सीवर तेच २८ मिमी सुमारे ५ मीटरवर लावावं, म्हणजे अडीच मीटरपासून पुढचं मिळतं. लेन्सवरच्या डेप्थ ऑफ फील्डच्या खुणा फिल्मच्या काळातल्या माफक प्रिंटसाठी आखल्या आहेत, म्हणून जास्त मेगापिक्सेलच्या सेन्सरवर एफ/८ ला एफ/५.६ च्या खुणा वापरा. हे सगळं अ‍ॅडॉप्टरची लांबी बरोबर असेल तरच चालतं.

चौथी लेन्स कधी

तीन लेन्सवर हात बसला, व्ह्यूफाइंडरमधून डोळा न काढता अ‍ॅपर्चर आणि फोकस जमू लागले, की मग एखादी वेगळ्या स्वभावाची लेन्स घ्यायला हरकत नाही. सर्वांचं लक्ष हेलिओस ४४-२ कडे जातं, आणि ते योग्यच आहे. ५८ मिमी एफ/२, एम४२ माउंट, झाइसच्या बायोटारवर बेतलेली ही सोव्हिएत लेन्स. तिची पार्श्वभूमी गोल फिरल्यासारखी दिसते, पण ते प्रत्येक फोटोत होत नाही. अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं, माणूस दीड-दोन मीटरवर, आणि त्याच्या बऱ्याच मागे झाडाची पानं किंवा ठिपक्या-ठिपक्यांचा उजेड, एवढं जुळून आलं की ती फिरकी दिसते. मोकळ्या भिंतीपुढे ती इतर कुठल्याही ५८ मिमीसारखीच आहे. एपीएस-सीवर कडेचा भाग कापला जात असल्यामुळे हा परिणाम बराच कमी होतो, म्हणून केवळ त्यासाठी घेणार असाल तर फुल फ्रेमवरच घ्या. तिच्यावर अ‍ॅपर्चरच्या दोन रिंग आहेत: एक हवा तो आकडा ठरवते, दुसरी त्या आकड्यापर्यंत पाती उघडते-मिटवते. पहिली एफ/४ वर ठेवली की दुसरीने उघड्या अ‍ॅपर्चरला फोकस करून, न बघता एफ/४ वर येता येतं.